उन्हात ठेवलेल्या गोण्या

जनू म्हात्रे चहा पिऊन शेडवर परत आला, तर त्याचे सहाही प्रवासी गायब!

वीसच मिनिटांपूर्वी त्याने त्यांना ओट्यावर ओळीने बसवलं होतं. बसवलं म्हणजे ठेवलं. त्या प्रत्येकी पासष्ट किलो रेतीच्या गोण्या होत्या. सीटा झाडून-पुसून घ्या, असं पुण्याहून फर्मान आलं होतं, म्हणून त्याने त्या गाडीबाहेर काढल्या होत्या. आणि पुसलेल्या सीटांचा वास घेत बसण्यापेक्षा चहा बरा, असं त्याला वाटलं. तिथेच घात झाला.

गाडी कंपनीची होती. तीन रांगांची, सात माणसांची, भलीमोठी आलिशान गाडी. बाजारात यायला तिला अजून वर्ष होतं. तोवर ती कोणाच्या नजरेत भरू नये म्हणून तिला अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवला होता. परिणाम असा झाला, की पेणपासून रोह्यापर्यंत तिच्याकडे वळून न बघणारा माणूस उरला नव्हता. आत पाठ चेपून देणाऱ्या सीटा होत्या, सीटा गार करायची सोय होती, मध्ये छोटा फ्रीज होता, छतभर काच होती आणि शुद्ध मराठी बोलणारी एक अदृश्य बाई होती. हे सगळं सुख गेले आठ महिने गोण्या भोगत होत्या.

जनूने सव्वीस वर्षं एसटी चालवली होती. पाठीमागे पन्नास माणसांचा गलका आणि कंडक्टरची डबल बेल, याशिवाय गाडी म्हणजे काय हे त्याला माहीतच नव्हतं. निवृत्तीनंतर माणसांऐवजी तेवढ्याच वजनाच्या गोण्या बसवून या गाडीची चाचणी घ्यायचं काम मिळालं. रोज पेण ते रोहा आणि खांबवरून परत. करारात तीन अटी होत्या : गाडीविषयी बोलायचं नाही, फोटो काढू द्यायचा नाही, आत कोणाला घ्यायचं नाही. लग्न राहूनच गेलं होतं, आई दोन वर्षांपूर्वी गेली होती. त्यामुळे दिवसभर बोलायला गोण्याच उरल्या. पुढच्या सीटवरच्या गोणीला तो आपल्या शेवटच्या कंडक्टरच्या नावाने 'पवार' म्हणायचा. मागे मास्तर होते, नर्सबाई होत्या, नेहमी सुट्ट्या पैशांवरून भांडणारे एक काका होते. हे वेडेपणाचं आहे हे त्याला कळत होतं. पण सात माणसांच्या गाडीत एकट्याने गप्प बसणं त्याला त्याहून वेडेपणाचं वाटायचं.

आता ओट्यावर फक्त सहा गोल डाग होते. शेजारी नमिताबाईंचा गणपतीचा कारखाना होता. जनू तिकडे धावला. दोरीवर सहा रिकाम्या गोण्या वाळत घातल्या होत्या आणि तिथली सगळ्यात जुनी कारागीर पुतळीबाई हौदात हात घालून तोंड वाकडं करत होती.

"नमिता, ही शाडू हाय का काय हाय गो? मळतेय तर नुसती खरखर!"

"रेती हाय ती!" जनू ओरडला. "माझी मानसं हायत ती!"

सकाळी शाडूचा टेम्पो येणार होता. ओट्यावर गोण्या दिसल्या, कारागिरांनी उचलल्या आणि थेट हौदात रिकाम्या केल्या. पेणमध्ये ओट्यावरच्या गोणीत शाडूशिवाय दुसरं काही असेल, अशी शंका कोणाला येणार?

जनूने कपाळावर हात मारून घेतला आणि सगळं सांगून टाकलं. दहा वाजता फेरी सुरू व्हायची. पुण्यात विशाल नावाचे साहेब पडद्यावर प्रत्येक सीटचं वजन बघत बसायचे. या महिन्यात दोन फेऱ्या वाया गेल्या होत्या. तिसरी गेली की दुसरा ड्रायव्हर येणार, हे साहेबांनी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

"पासष्ट किलोची सहा वजनं पायजेत ना?" नमिताबाई म्हणाल्या. "चूक आमची हाय. आमी बसतो. रोह्याला मूर्ती पोचवायचीच हाय. तिथं भावाच्या बांधकामावर रेती पडलीय, गोण्या भरून देतो. येताना आमी आगगाडीने येऊ."

"नाय हो! करारात बसत नाय."

"आठ महिने शेजारी हायत जनूभाऊ, एक शब्द बोललात नाय. करारात बसत नव्हतं म्हनूनच ना? मग आज आमी बसतो."

पुढे पुतळीबाई बसली. तिचं वजन त्रेचाळीसच भरलं, म्हणून तिच्या मांडीवर शाडूचा दोन फुटी गणपती दिला. पट्टा दोघांना मिळून एकच लागला. बाकीचे पाच जण पासष्टच्या आसपासच होते. मधल्या रांगेत नमिताबाई आणि मूर्तींचे डोळे आखणारा हितेश बसला. साच्यावर काम करणारे तिघे मागे गेले. रिकाम्या गोण्या सगळ्यांनी मांडीवर घेतल्या. बरोबर दहाला गाडी निघाली.

वडखळ सुटेपर्यंत सगळे देवळात बसल्यासारखे बसले होते. मग हितेशचा हात कुठल्याशा बटणावर पडला आणि पुतळीबाई किंचाळली.

"अरे, माझ्या पाठीत कोन हाय?"

"कोन नाय, पुतळीबाय. सीट पाठ चेपते."

"व्हय?" तिने पाठ आणखी टेकवली. "मग चेपू दे. चाळीस वरसात कोनी चेपली नाय."

त्यानंतर कोणाला धरबंधच राहिला नाही. मागच्यांनी फ्रीज उघडला, छताचा पडदा सरकवला. नमिताबाई अदृश्य बाईला म्हणाल्या, "एसी जरा बारीक कर गो." "माफ करा, मला समजलं नाही," असं ती म्हणताच सहाही जण तिला एकदम समजावायला लागले. गाडीत गलका झाला. जनूच्या पाठीला तो गलका एसटीतल्यासारखा लागला आणि त्याचे डोळे उगीचच भरून आले.

कासूला पुतळीबाई ओरडली, "थांब रे, लेकीला हाक मारते!" आणि सव्वीस वर्षांच्या सवयीने जनूचा पाय ब्रेकवर गेला. ती गणपती सीटवर ठेवून उतरली. लगेच गाडीत साहेबांचा आवाज घुमला.

"काका, पुढच्या सीटवर एकदम बावीस किलोच दाखवतंय!"

"गोनी कलंडली, सर."

"बरं. आता पुन्हा पासष्ट झालं."

"बसवली, सर." पुतळीबाई धापा टाकत पट्टा लावत होती.

"आणि काका, सीट गार करायच्या यंत्रणेत बघतोय मी. सहाही गोण्यांचं तापमान सदतीस अंश कसं काय?"

"उन्हात ठेवल्या होत्या, सर."

"सगळ्या सदतीसच?"

"ऊन सारखंच पडलं, सर."

"थांबा, मी एकदा बघतोच."

"आतला कॅमेरा सुरू होत आहे," अदृश्य बाईने नम्रपणे जाहीर केलं. आठ महिन्यांत ती पहिल्यांदाच जनूच्या उपयोगी पडली. सहा जणांनी सहा रिकाम्या गोण्या डोक्यावरून कमरेपर्यंत ओढल्या. पुतळीबाईने गणपतीलाही आत घेतलं.

"पुढची गोणी जरा पोटात गोल दिसतेय," साहेब म्हणाले.

"रेती खाली बसली, सर."

तेवढ्यात मधल्या रांगेतली गोणी सणसणून शिंकली.

"कोण शिंकलं?"

"मी, सर."

"पण तुमचं तोंड तर मला समोर दिसतंय."

"आवाज मागे फिरतो, सर. काचा चांगल्या बंद होतात ह्या गाडीच्या."

"हं, आवाज बाहेर जात नाही म्हणता," साहेब खूश होऊन काहीतरी लिहून घेत म्हणाले आणि कॅमेरा बंद झाला. गोण्यांमधून जे हसू फुटलं, ते नागोठणं आलं तरी थांबेना.

हसून झाल्यावर पुतळीबाईने गणपतीच्या कानाआडून जनूकडे पाहिलं. "तू कासूचाच ना रे? मघाशी घर मागं पडलं तरी बघितलंस नाय. कोन असतं घरी?"

"कुलूप असतं," जनू म्हणाला.

मग त्याने स्वतःहूनच गोण्यांची नावं सांगितली. मास्तर, नर्सबाई, काका, सगळी. आठ महिन्यांत हे तो पहिल्यांदाच कोणाला सांगत होता. आता सगळे हसतील असं त्याला वाटलं, पण कोणी हसलं नाही.

"म्हंजे मी कंडक्टर पवार?" पुतळीबाईने विचारलं.

"व्हय."

"तरीच मघापासून तू निघताना थांबतोस!" तिने बोटाच्या अंगठीने काचेवर दोनदा टकटक केलं. "टिंग टिंग. चल."

रोह्याला जेवणाच्या सुट्टीत गाडी बंद होती, तेवढ्यात गोण्या भरल्या, तांदळाच्या दुकानात तोलल्या आणि सीटवर बसवून पट्टे लावले. नमिताबाईंनी डब्यातली अर्धी भाकरी आणि सुकटीची चटणी कागदात बांधून त्याच्या हातात दिली. मग सगळे हात हलवत स्टेशनकडे गेले. जनू खांबमार्गे परत आला. खांबला त्याने सवयीने चहा सांगितला आणि चुकून सात सांगितले. टपरीवाल्याने गाडीत डोकावून पाहिलं. मग त्याने एकच ग्लास पुढे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांचा फोन आला. जनूने नोकरी गेली असं धरूनच तो घेतला.

"काका, कालचा डेटा अफलातून! आठ महिन्यांत पहिल्यांदा गोण्या माणसांसारख्या वागल्या. तापमान, हालचाल, सगळं! वरचे साहेबही खूश आहेत. तुम्ही नक्की काय केलं होतंत?"

"सांगितलं ना, सर. उन्हात ठेवल्या."

"मग आता रोज ठेवायच्या. साडेआठ ते नऊ, त्याच जागी. लेखी आदेश पाठवतो."

आदेश म्हटल्यावर जनूचा चेहरा उजळला. बरोबर साडेआठला त्याने सहाही गोण्या ओट्यावर ठेवल्या. कारखान्याच्या दाराकडे जरा जास्तच सरकवून ठेवल्या. तिकडे टेम्पो आल्याचा आवाज झाला, तसा तो घाईघाईने चहाला गेला. एकाच्या जागी दोन चहा घेतले, तेही फुंकून फुंकून. कपाळावर आठ्या कशा आणायच्या, "माझी मानसं कुठं हायत?" असं कसं ओरडायचं, हे त्याने परतताना वाटेत दोनदा म्हणून पाहिलं.

शेडवर आला, तर सहाही गोण्या जागेवर होत्या. कोणीतरी त्या कारखान्याच्या दारापासून दूर नेऊन नीट ओळीत लावल्या होत्या. भिंतीला नवीकोरी पाटी टेकवली होती. रंग अजून ओला होता. हितेशच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं : "या गोण्या जनूभाऊंच्या आहेत. कोणीही हात लावू नये. लावल्यास नमिताबाईंशी गाठ आहे."

आत शाडू मळण्याचा धपधप आवाज चालू होता. जनूने दारातून डोकावलं. पुतळीबाईने मातीचा हात वर करून त्याला सांगितलं, "बघ, आज एकानं पन हात लावला नाय!" तिच्या आवाजात केवढा तरी अभिमान होता.

"बरं झालं," जनू म्हणाला.

त्याने सहा गोण्या एकेक करून आत नेल्या आणि पट्टे लावले. पवारांना पुढे बसवलं. दहा वाजले. तो स्टिअरिंगवर हात ठेवून जरा वेळ तसाच बसला. मग उजव्या हाताने काचेवर दोनदा टकटक करून त्याने गाडी काढली.