मोटारीचा गोठा

जुनी मोटार घ्यायला निघालेली माणसं आधी मोटार पाहतात. गफूरचाचा मोटारीकडे पाठ फिरवून उभे राहत आणि विचारत, "गोठा कुठं हाय?"

मेहकरच्या बैलबाजारात चाचांनी उभा जन्म दलालीत घालवला. स्वतः त्यांनी कधी सायकलही चालवली नाही. पण आमच्या गावात ज्या चार जुन्या मोटारी चाचांनी पास केल्या, त्या चारही वर्षानुवर्षं धावल्या. पाचवी एका अडत्याने त्यांना न विचारता आणली. तिच्यात पुढे कोंबड्या राहिल्या.

चाचांच्या लेखी मोटार म्हणजे दाणापाणी घेणारं एक जनावर. तिच्यावर त्यांचा राग एवढाच, की ती शेण टाकत नाही. "शेण पाह्यलं का जनावराची तब्येत समजते," ते हळहळत. "इच्या मांगं तं धूरच हुंगा लागते." आणि खरोखरच ते मागे वाकून, अत्तर हुंगावं तसा धूर हुंगत.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझा फोटो स्टुडिओ. लग्नसराईत खेडोपाडी जायचं. एसटी सडकेवर सोडी, तिथून पुढे बैलगाडी. पिंपळगाव राजा या गावच्या एका लग्नाला जाताना धक्क्याने कॅमेऱ्याची काच तडकली आणि नवरदेव प्रत्येक फोटोत उभा चिरलेला आला. त्या घरात अजून माझं नाव काढत नाहीत. तेव्हाच ठरवलं, मोटार घ्यायची. नऊ वर्षांच्या पुंजीत एक जुनी मोटार कशीबशी बसत होती. ती फसली तर स्टुडिओला कुलूप लावून मेव्हण्याच्या किराणा दुकानात पुड्या बांधायच्या. मेव्हण्याने माझ्यासाठी दोऱ्याचा गुंडा आणूनही ठेवला होता!

लोणारच्या एका म्हाताऱ्या वकिलांची काळी विलायती मोटार विकाऊ आहे असं कळलं. चाचांना घेऊन पहिल्या एसटीने निघालो. सकाळचाच हट्ट त्यांचा. "जनावर झोपेत गाठा लागते, फोटूवाले. दुपारी गेलो तं मालक तिले फिरवून, गरम करून उभी ठेवीन."

वकीलसाहेब दारात उभे होते. कोट, धोतर, हातात काठी, छडीसारखा ताठ कणा. अंगणात मोटार अशी चमकत होती की तिच्यात मला माझीच बत्तिशी दिसली. मी जागच्या जागी भाळलो. चाचांनी पाठ फिरवली.

"मोटार इकडे आहे," मी म्हणालो.

"ते धुतलेली हाय. जमीन कोण धुते?"

असं म्हणून परीटघडीच्या पायजम्यानिशी हा सत्तरीचा माणूस मोटारीच्या रिकाम्या शेडमध्ये रांगत शिरला. तेलाचा एक काळा डाग सापडला. तो नखाने उकरला, नाकाला लावला. "जुना हाय. वाळला हाय. औंदा टिपूस गळालं नाही."

मग हँडल मारलं. दुसऱ्याच फेऱ्याला मोटार जागी झाली. "उठली, खोकलली नाही," चाचांनी निकाल दिला.

पुढची परीक्षा बसकेपणाची. चढावर ओझं पाहून जो बैल बसकण मारतो, तो बसका. मी मित्राच्या जीपवर चालवायला शिकलो होतो. वकीलसाहेब म्हणाले, "तुम्हीच न्या, मी इथेच थांबतो." चाचांनी रस्त्यावरची चार माणसं आणि ज्वारीचे दोन कट्टे आत कोंबले आणि मला चढ दाखवला. मोटार कण्हली, घामाघूम झाली, पण चढली. आतल्या चौघांनी टाळ्या वाजवल्या.

परत आलो. माझा हात पैशांच्या पिशवीवर गेला होता. तेवढ्यात चाचांनी त्यांचा शेवटचा सवाल टाकला.

"वकीलसाब, काऊन विकता?"

"कंटाळा आला," वकीलसाहेब तुटकपणे म्हणाले.

"चला, फोटूवाले."

"अहो चाचा, पण..."

"चांगलं जनावर कंटाळ्यानं कोणी विकत नसते. जो कारण लपवते, तो खोड लपवते." चाचा फाटकापर्यंत पोहोचलेसुद्धा. लग्नसराई दोन महिन्यांवर आलेली. माझ्या डोळ्यांपुढे दोऱ्याचा गुंडा गरगर फिरू लागला. मी अक्षरशः त्यांची बाही धरली.

"बरं," ते म्हणाले. "एक खेप रुमालाखाली बोलून पाह्यतो."

बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकतात आणि बोटं दाबून सौदा होतो. बघ्यांना काही कळत नाही. चाचांनी खांद्यावरचा रुमाल पसरला. वकीलसाहेबांनी हात पुढे केला, तो रुमालाच्या वीतभर डावीकडे. हवेतच राहिला. चाचांनी तो अलगद धरला.

रुमालाखाली एरवी बोटांची कुस्ती चालते. आज दोन्ही हात शांत होते. चाचा पुटपुटत काही विचारत होते. बऱ्याच वेळाने वकीलसाहेबांनी एकदाच मान हलवली.

"घ्या," चाचा म्हणाले. "साहेब म्हणतीन तोच भाव."

घरी परतताना मी मोटारीपेक्षा जास्त तापलो होतो. "चाचा, तुम्ही, आणि भाव एक रुपयाही उतरवला नाही?"

"भाव वाजवीच होता." चाचा म्हणाले. "त्याले दिसत नाही, फोटूवाले. ऊन-सावली तेवढी समजते. बायको गेली, लेकरं दूर. गावाले समजलं तं लोकं उद्यापासून हात धरून चालवतीन, म्हून कोणाले सांगत नाही. खोड मोटारीत नाही. मालकाच्या डोळ्यात हाय. तुम्हीबी बोलू नका."

दोघंही आज नाहीत, म्हणून लिहितो.

चाचांनी दलाली घेतली नाही. "महिन्यातून एकडाव मले लोणारले न्या," म्हणाले. "काम हाय."

पहिल्या रविवारी गेलो. चाचांनी वकीलसाहेबांना गप्पा मारत मारत माझ्या शेजारच्या सीटवर बसवलं आणि स्वतः मागे बसले. गावाबाहेर पडलो, तसे चाचा पुढे झुकून हलक्या आवाजात बोलू लागले.

"समोरून बैलगाडी येऊन राह्यली, साहेब. पांढरी जोडी. उजवा एक नंबर हाय, डावा कामचोर."

"किती लांब?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"शंभर कदम."

वकीलसाहेबांनी हात लांबवला. मी तो धरून हॉर्नवर ठेवला. त्यांनी हॉर्न दिला, लांब, कोर्टात पुकारा करावा तसा. गाडीवानाने बैल कडेला घेतले.

"रामराम घालून राह्यला," चाचा कुजबुजले. "उजव्या अंगाले."

वकीलसाहेबांनी उजवीकडे मान वळवली आणि ऐटीत हात उंचावला.