मालकांचा घसा

खिडकीच्या कट्ट्यावरचा निळा डाग बायकोने फोटोत ओळखला. त्या वेळी दोघं एका परक्या गावात, भाड्याच्या खोलीतल्या पलंगावर बसून पुढच्या महिन्यासाठी जागा शोधत होते. खोलीत टेबल एकच होतं आणि त्यावर दोघांचे लॅपटॉप अबोला धरलेल्या भावंडांसारखे पाठीला पाठ लावून बसले होते.

"हा डाग माझा आहे," ती म्हणाली. "शाईची बाटली मी सांडली होती. तू दोन दिवस बोलला नव्हतास."

नवऱ्याने फोटो मोठा करून पाहिला. डाग त्यांचाच होता. कट्टा त्यांचा, खिडकीही त्यांची. फक्त तिला आता पडदे होते, आणि खाली ओळ होती: 'प्रसन्न, उजेडाची खोली. घरून काम करणाऱ्यांची चांगली सोय.'

नवरा एका विमा कंपनीत दावे तपासायचा. लोकांचं जळालेलं सामान खरंच जळालं होतं का, हे तो दुरून कागद पाहून ठरवायचा, आणि ऑफिसात सगळे त्याला तपासनीस म्हणत. बायको मुलांच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढायची. काही वर्षांपूर्वी दोघांच्याही ऑफिसांनी "कुठूनही काम करा" असं सांगितलं. बाकीच्यांनी त्याचा अर्थ 'घरून' असा घेतला, यांनी 'कुठूनही' असाच घेतला. सामान माळ्यावर टाकलं, एजंटामार्फत घर एका शिवणकाम करणाऱ्या बाईंना भाड्याने दिलं आणि दोघं निघाले ते निघालेच. बाईंशी कधी भेट झाली नव्हती. वर्षाकाठी तीनचार वेळा फोनवर बोलणं व्हायचं, तेही नवऱ्याचं.

आता पासपोर्टची मुदत संपत आली होती आणि त्यासाठी महिनाभर आपल्याच शहरात राहणं भाग होतं. नातेवाइकांकडे उतरायचं तर प्रत्येक जेवणात वरणभाताआधी 'मग आता पुढे काय' हा प्रश्न वाढला जातो, म्हणून जागा शोधणं चाललं होतं.

"करारात स्वच्छ लिहिलंय, पोटभाडेकरू ठेवायचा नाही म्हणून," तपासनीस म्हणाला.

"मग फोन करून विचार."

"खोटा दावा फोनवर पकडता येत नाही. जागेवर जावं लागतं."

आणि त्याने बायकोच्या माहेरच्या नावावर स्वतःचंच घर महिनाभरासाठी भाड्याने घेतलं.

इमारतीत चेहरे बदलले होते. समोरच्या दारावर नवी पाटी होती आणि जिन्यात भेटलेल्या माणसाने त्यांना "कोण पाहिजे?" असं विचारलं. घराची घंटा वाजवल्यावर बायकोच्या एकदम लक्षात आलं, की बाई याचा आवाज ओळखतात. दार उघडताच ती म्हणाली, "नमस्कार मावशी. ह्यांचा घसा पार बसलाय. बोलता येत नाही."

तपासनीसाने तिच्याकडे पाहिलं, मग गळ्याला हात लावला.

दारात साठीच्या, उंच, ओठांत टाचण्या धरलेल्या एक बाई उभ्या होत्या. गल्लीत त्यांना शिवणबाई म्हणत. टाचण्या काढायला सवड नसली, तरी त्यांचं बोलणं अडत नसे. त्यांनी पाहुण्यांना घर दाखवायला घेतलं.

"हा दिवा त्या बटणाने लागतो आणि तो ह्याने. उलटं आहे, पण सवय होते. ह्या पुढच्या दाराला जरा खांदा लावावा लागतो. मालकांना म्हणे सुतार मिळाला नाही." त्यांनी दार ढकलून दाखवलं. "दाराकडे बघून मला वाटतं, स्वतःच सुतार झाले असावेत."

तपासनीसाने तोंड उघडलं. बायकोने त्याच्या पायावर पाय दिला.

"माणसं वाईट नाहीत हो," शिवणबाई पुढे म्हणाल्या. "फोनवर बरं बोलतात. पण मी आले तेव्हा घर असं होतं, जसं काही गाडी सुटायच्या आधी कुणी फलाटावर टेकलेलं असावं. खिळा होता तिथे चित्र नव्हतं. चित्र टेकवलेलं होतं तिथे खिळा नव्हता."

आता खिळ्यांवर चित्रं होती. खुर्च्यांना नवे अभ्रे होते. ज्या कोपऱ्यात दोघांनी कधीही न उघडलेली खोकी रचून ठेवली होती, तिथे ऊन येत होतं. बाई स्वतः मागच्या लहान खोलीत, शिलाई मशीनच्या शेजारी झोपत आणि मोठी खोली पाहुण्यांना देत. तपासनीसाने मनातल्या मनात सगळी टिपणं काढली: करार मोडला, खोली दिली, पुरावा समोर. आता फक्त योग्य वेळ साधून ओळख द्यायची.

पण योग्य वेळ यायच्या आत ऑफिसची वेळ आली.

सकाळच्या मीटिंगमध्ये साहेबांनी त्याला एका गोदामाच्या आगीबद्दल विचारलं. खोलीचं दार उघडं होतं आणि पलीकडे शिलाई मशीन थांबलेलं होतं. तपासनीसाने टाइप केलं, 'घसा बसला आहे.' साहेब म्हणाले, "अरे, कालपर्यंत तर ठणठणीत होतास." त्यांचं वाक्य पूर्ण होण्याआधी शिवणबाई मिठाचं गरम पाणी घेऊन आत आल्या.

"आधी गुळण्या. काम कुठे पळून जातंय?"

त्याने हातानेच नको म्हटलं. बाईंनी पेला त्याच्या हातात दिला आणि उभ्या राहिल्या. तेव्हा दावे विभागातल्या सगळ्यांच्या साक्षीने त्याने गुळण्या केल्या. साहेबांनी मीटिंग तेवढा वेळ थांबवली. नंतर त्यांनी 'प्रकृतीला जप' असा निरोपही पाठवला, जो त्यांनी आजवर कुणाला पाठवल्याचं ऐकिवात नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो लॅपटॉप घेऊन न्हाणीघरात जाऊ लागला. बादली पालथी घालून बसायचं, दार लावायचं आणि हळू आवाजात बोलायचं.

"मागच्या टाइल्स छान आहेत," एक सहकारी म्हणाला. "सध्या कुठला देश?"

"एक जुनं गाव आहे," तपासनीस पुटपुटला. "फारसं कुणाला माहीत नाही."

बाहेर शिवणबाई बायकोला काळजीने सांगत होत्या, "घशाबरोबर पोटही बिघडलेलं दिसतंय. तास तास आत असतात."

त्याच आठवड्यात एका दुपारी बाई म्हणाल्या, "न्हाणीघराच्या भिंतीला ओल येतेय. मालकांना विचारायला हवं." आणि त्यांनी फोन लावला. मोठ्या खोलीत तपासनीसाच्या खिशात फोन वाजला. बायकोला खोकल्याची उबळ आली. ती अशी खोकली, की बाई पाणी आणायला स्वयंपाकघरात वळल्या आणि तेवढ्यात तपासनीस न्हाणीघरात शिरला.

"बोला बाई," तो मोकळ्या गळ्याने म्हणाला. इतक्या दिवसांनी आपला आवाज ऐकून त्यालाच बरं वाटलं.

"ओल आलीय भिंतीला, साहेब."

तपासनीसाने मान वळवली. ओल त्याच्या नाकासमोर होती. "हो, बरीच आहे," तो म्हणाला आणि घाईने पुढे जोडलं, "असणार. जुनी इमारत आहे."

इतक्यात समोरच्या शाळेची घंटा झाली. ती खिडकीतूनही आली आणि फोनमधूनही.

"तुमच्याकडेही शाळा आहे वाटतं जवळ," शिवणबाई म्हणाल्या.

"शाळा कुठे नसतात?" तो म्हणाला, आणि संधी साधून त्याने विचारलं, "बरं, घरात आणखी कुणी असतं का?"

"कोण असणार? मी आणि माझं मशीन."

तपासनीस बादलीवर बसला. खोटं बोलताना माणूस थोडा थांबतो, हा त्याचा आजवरचा अनुभव होता. बाई अजिबात थांबल्या नव्हत्या. रात्रीच्या जेवणात त्यांनी त्याला मऊ भात वाढला आणि घशाला तिखट नको म्हणून भाजी वेगळी केली.

"झालं ना सिद्ध?" बायकोने खोलीत आल्यावर विचारलं. "मग सांगून टाक तिला."

"सांगणार आहे. वेळ पाहून."

वेळ पाहण्यात दिवस गेले. बाईंनी न विचारता त्याच्या कोटाचं अस्तर बदललं. बायकोची चित्रं पाहून त्या म्हणाल्या, "तू घरं काढतेस ना, त्या सगळ्या घरांची दारं बंद असतात गं." दुसऱ्या दिवशी बायकोने कट्ट्याशी बसून एक चित्र नव्याने काढलं. गेले कित्येक महिने तिची पाठ दुखायची ती दुखेनाशी झाली होती, हेही तिच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"मला इथे सकाळी जाग आली की आपण कुठे आहोत ते आठवावं लागत नाही," ती एका सकाळी म्हणाली. "मला आता पुढचं तिकीट काढायचं नाहीये."

तपासनीस छताकडे पाहत पडला होता. या छताचा तडा कुठून सुरू होतो आणि कुठे संपतो, हे त्याला डोळे मिटूनही सांगता आलं असतं. जगातल्या दुसऱ्या कुठल्याही छताची त्याची इतकी ओळख नव्हती.

"मलाही नाही," तो म्हणाला. "पण मग बाईंना जावं लागेल."

"हो."

"ते सांगणार कोण?"

"तू. तोंडावर."

"माझा घसा बसलाय," तो म्हणाला. "मालक सांगतील. फोनवर."

बायकोने त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिला तोंड देण्यापेक्षा जिना बरा, असं म्हणून तो बाहेर पडला आणि वरच्या वळणावर जाऊन उभा राहिला.

शिवणबाई एका जाड पडद्याला दुमड घालत होत्या. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून त्यांनी फोन मशीनवर ठेवून स्पीकर चालू केला. बायको समोरच्या स्टुलावर बसलेली होती. नवऱ्याचा आवाज फोनमधून आला, कोरडा, दावे नामंजूर करताना असतो तसा.

"बाई, आम्ही परत यायचं म्हणतोय. कायमचे. या महिन्याअखेर घर मोकळं लागेल."

बाईंचे हात थांबले. पडदा मांडीवरून अर्धा घसरला. बायकोला त्यांच्याकडे पाहवेना.

"या ना," शेवटी त्या म्हणाल्या. "घर तुमचंच आहे. मला काय, एक मशीन, एक पेटी. होईल कुठेतरी सोय." मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, काळजी करू नकोस असा हात केला आणि फोनकडे वाकल्या. "पण साहेब, एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती. मी पाहुणे ठेवते. मशीनला काम कमी असतं, आणि खरं सांगायचं तर रिकामं घर मला खायला उठतं. ते चुकलंच माझं. त्याचं काय करायचं ते करा. पण आत्ता एक जोडपं आहे. चांगली माणसं आहेत. गावोगाव हिंडतात, नोकऱ्या आहेत, सगळं आहे. फक्त बिचाऱ्यांना स्वतःचं घर नाही."

त्यांनी घसरलेला पडदा पुन्हा मांडीवर ओढला.

"मला उद्या जा म्हणा, मी जाते," शिवणबाई म्हणाल्या. "पण त्यांना इतक्यात उठवू नका. पोरगी आली तेव्हा चहासुद्धा उभ्याने प्यायची. आता कुठे बसायला लागलीय. आणि त्याची तब्येत बरी नाही. त्यांना थोडे दिवस राहू द्या."

जिन्यावर पावलं वाजली. दाराला नेहमीच्या ठिकाणी खांदा लागला, दार उघडलं, आणि फोन कानाला तसाच धरून तपासनीस आत आला.

"राहू द्या त्यांना," तो म्हणाला.

हे शब्द दारातून आले आणि क्षणभराने मशीनवरूनही आले. शिवणबाईंनी आधी मशीनकडे पाहिलं, मग दाराकडे. ओठांतल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि शिवणाच्या छोट्या उशीला टोचल्या.

"घसा बरा झाला म्हणायचा," त्या म्हणाल्या.

पुढचं बोलणं बायकोने केलं, कारण तपासनीसाला आता खरोखरच बोलवत नव्हतं. तिने डागापासून सगळं सांगितलं. शिवणबाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. ऐकून झाल्यावर त्या उठल्या, पेटीशी गेल्या आणि तिच्यावरचे कपडे उचलून बाजूला ठेवू लागल्या.

"हे काय करताय?" बायकोने विचारलं.

"मालक आले. भाडेकरूने आवरायला नको?"

"मालक नाही आले, मावशी. पाहुणेच आहोत. महिना संपला नाहीये अजून."

बाई पेटीशी पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांनी डोळ्यांना पदर लावला की नुसताच घाम पुसला, हे दोघांनाही कळलं नाही. वळल्या तेव्हा त्यांचा आवाज पूर्वीसारखाच होता. "मग त्या दाराला रंधा मारून घ्या आधी. माझा खांदा गेला."

महिना संपला. पासपोर्ट आले आणि कपाटात राहिले. लहान खोलीतलं मशीन तिथेच राहिलं, पेटीही राहिली. एका आत्याला अखेर पत्ता लागला आणि ती भेटायला आली, तेव्हा तिने चहाचा कप हातात घेण्याआधीच प्रश्न टाकला, "मग आता कायमचे आलात ना?"

तपासनीसाने लहान खोलीकडे पाहिलं आणि आवाज जरा उतरवला.

"तसं अजून काही ठरलं नाही, आत्या. सध्या आम्ही आमच्या भाडेकरूंकडे उतरलोय. त्या ठेवतील तोवर."