न वाजणारा फुगा

लहानूकाका उजवी चप्पल डाव्या पायात घालतात आणि डावी उजव्या पायात. महिनाभर अशी, महिनाभर तशी. त्यामुळे चपला दोन्ही बाजूंनी सारख्या झिजतात, असं त्यांचं म्हणणं. "उजवी चप्पल उजव्याच पायात, हा कोनी ठरवला?" असं त्यांनी इतक्या भोळेपणाने विचारलं की मीही एकदा करून पाहिलं आणि सरावलीच्या नाक्यावर भाजीवालीच्या टोपलीत जाऊन बसलो. काका म्हणाले, "तू घाई केली, शेठ. पायाला आधी सांगायला लागतं."

डहाणूत माझा फुग्यांचा लहानसा कारखाना आहे. म्हणजे वडिलांचा. मी तो बंद पडू दिला नाही एवढंच माझं कर्तृत्व, आणि त्यातलंही निम्मं बायकोचं. काका वडिलांच्या वेळेपासूनचे, कैनाडहून सायकलवर येतात. साचे पातळ रबरात बुडवायचे, सुकवायचे आणि त्यावरून फुगे सोलून काढायचे हे त्यांचं काम. मला शेठ म्हणतात आणि अरेतुरे करतात.

"कोनी ठरवला?" हे त्यांचं पालुपद. फुगा गोलच असावा हे कोणी ठरवलं, असं म्हणून एकदा त्यांनी चिकूच्या आकाराचा, चिकूच्याच रंगाचा फुगा काढला. डहाणूची शान म्हणून. मीही भारावलो आणि चांगला गोणीभर माल काढू दिला. दुकानदाराने एक फुगवून पाहिला आणि विचारलं, "बटाटा आहे का?" मग वर्षभर आमच्या घरी प्रत्येक बारशाला, वाढदिवसाला बटाटे लटकत होते.

मध्ये मी मुंबईला ‘डिझाइन थिंकिंग’च्या दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आलो. तिथे एका तरुणाने सांगितलं की, जे चालत आलंय त्याला प्रश्न विचारा, धंदा उलटापालटा करणारी कल्पना तिथेच दडलेली असते. फी भरून ऐकल्यामुळे मला ते लगेच पटलं. परत आल्यावर मी कारखान्याच्या भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि वर ‘प्रश्न विचारा’ असा बोर्ड लावला. पंखा सुरू केला तशा सगळ्या चिठ्ठ्या रबराच्या टाकीत गेल्या. काकांनी बोर्ड सावकाश वाचला. म्हणाले, "मग मी इतकी वर्सां काय करत होतो?" मी चहा मागवला. उत्तर नसलं की मी चहा मागवतो.

बोर्डाचा आधार घेऊन दुसऱ्याच दिवशी त्यांनी विषय काढला. "फुगा फुटला की वाजायलाच पायजे, हा कोनी ठरवला? मला न वाजणारा फुगा करायचा."

"काका, पोरं वाजायलाच तर फोडतात. न वाजणारा फुगा घेणार कोण?"

"बाय घेल," ते म्हणाले.

बाय म्हणजे त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनेच यांना वाढवलं. ती तलासरीकडे डोंगरातल्या गावात असते. तिकडे जमीन हादरायला लागली, खालून धडाम धडाम आवाज यायला लागले, तेव्हापासून तिने घरात पाऊल टाकलं नव्हतं. अंगणातल्या मांडवाखाली जेवायचं, तिथेच निजायचं. ताटली पडली तरी उठून पळायची. आता नातवाचा पहिला वाढदिवस होता. सुनेने फुगे नकोत म्हटलं, तर बाय म्हणाली, "पोराचा सण हाय, फुगे लावा. मी त्या दिशी रानात बसन."

"जल्मभर फुगे केले," काका म्हणाले, "आन माझ्याच फुग्याला भिऊन बाय रानात बसल?"

यावर चहा मागवून भागण्यासारखं नव्हतं. आम्ही कामाला लागलो. रबर जाड केलं, तर फुगा फुगेचना. एका फुग्यात दुसरा घातला, तर तो दोनदा वाजला. फुगे तोंडाने फुगवायचं काम काकांनी माझ्याकडे दिलं होतं. फुगेवाल्याच्या मुलाला फुगा धड फुगवता येत नाही, हे आमच्या घरातलं झाकून ठेवलेलं सत्य. चौथ्या फुग्यालाच मला घेरी आली. कसाबसा अर्धा फुगवला, गाठ मारली आणि काकांच्या हातात दिला. त्यांनी टाचणी लावली. फुस्स. बस, एवढंच.

काकांनी त्या चिंधीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शेठ, फुगा पुरता फुगवायचा, हा कोनी ठरवला?"

"माझ्या छातीने," मी म्हटलं.

वाढदिवसाला मीही गेलो. नव्या कल्पनेचा जनक म्हणून मला आमंत्रण होतं. अंगणातल्या मांडवाला आमचे अर्धवट, मलूल फुगे लटकत होते. माझ्या धंद्याची इतकी वाईट जाहिरात मी कधी पाहिली नव्हती. काकांनी शपथ घालून बायला मांडवात बसवलं होतं. ती कडेला, पळायच्या तयारीत बसलेली.

आणि कुडाच्या काटकीला लागून एक फुगा फुटला. बाय ताडकन उठली. पण आवाज असा झालाच नव्हता. ती वळली, लोंबणारं ते रबर तिने बोटाने हलवून पाहिलं.

"हा काय रं लहान्या? वांगा सुकला काय?"

काकांनी दुसरा फुगा तिच्यासमोर धरला. "तू फोड. काय नाय होत."

"बोटानं कसा फुटंल? सुई लागंल." सून उठायला लागली, तर तिला हाताने खाली बसवून बाय म्हणाली, "तुला नाय गावायची." आणि ती तरातरा घरात गेली.

सून आपल्या नवऱ्याकडे बघत राहिली. आतून डबे उघडल्याचे, फळीवरचं सामान सरकवल्याचे आवाज येत होते. मग बायचा चिडका आवाज आला, "माझी सुई कोनी हलवली रं?"

लहानूकाकांनी पाठ फिरवली, खिशातून एक फुगा काढून तोंडाला लावला, आणि त्यांना तो फुगवता येईना.