ताम्हणवाटेवरील जप्त चेंडूंची हकीकत

सेक्टरांचा मुलूख चारकोप, तेथे खाडीच्या अंगास गेलेल्या ताम्हणवाटेवर वैशाखमासी जे रण माजले, ते पुढे कोणी पुसेल तर यथास्थित सांगता यावे, म्हणून घडले तैसे लिहिले. वाढविले ते थोडकेच.

ऐशियास वर्तमान ऐसे. वाटेच्या दुतर्फा बत्तीस ताम्हणे, उमर दोन वर्षे, जांभळ्या फुलांची उमेद धरून उभी. त्यांचे पालनकर्ते राजमान्य राजश्री दत्ताराम ऊर्फ दत्ताराव नाटेकर, पूर्वी कापडगिरणीचे साचेखात्यात मागावर, हल्ली पहिल्या मजल्याचे किल्लेदार. हे नित्य बादल्या वाहत, आणि पोरे वाटेवर क्रिकेट खेळत, आणि चेंडू आळ्यात शिरून कोवळी डहाळी मोडी, मग दत्ताराव तो चेंडू कैद करून गोणीत डांबीत. ऐसे वीस चेंडू बंदिवासात पडले. मग दत्तारावांचा उजवा गुडघा फितूर जाहला आणि डॉक्टरांचे फर्मान सुटले की बादली उचलणे नाही. टँकराची स्वारी आठवड्यातून एकदा, तीही मर्जी असेल तर. पावसास महिना अवकाश. तोवर ताम्हणे जगतील ऐसा भरवसा उरला नाही.

मग दत्तारावांनी तरुणांची कुमक मागविली. 'तरुण पिढी आणि पर्यावरण' ऐसा फलक लाविला आणि दीड तास भाषण केले. तरुण तिघे आले. दोघे कोकम सरबतास आले होते आणि तिसरा वाट चुकला होता. सरबत संपताच फौज फुटली. तेव्हा गृहस्वामिनी मालनबाई मसलतीस बैसल्या आणि वदल्या, "पोरांचे बॉल काय आंब्यासारखे पिकवूक ठेवल्यात? तेच त्यांका परत देवा आणि झाडांका पाणी घालून घेवा."

ही मसलत पसंत पडून तहनामा जाहला: रोज सायंकाळी बत्तीस झाडांस पाणी, मग एक कैदी मुक्त. पोरांच्या पक्षी सेनापती समीक्षा, डावखुरी फलंदाज, बारावीची परीक्षा देऊन मोकळी, आणि गोलंदाजीच्या तोफखान्यावर सरदार प्रज्योत. सरदार पुटपुटला, "यार, हे तर ब्लॅकमेल आहे ना!" सेनापतींनी फर्माविले, "गप रे. बादली उचल."

पहिले चार दिवस पाणी झाडांपेक्षा एकमेकांवर अधिक पडले. पाचव्या दिवशी एका ताम्हणास पालवी फुटली, ते झाड आपले म्हणोन प्रज्योताने जाहीर केले, आणि मग हक्कावरून ऐसी यादवी माजली की समीक्षेस झाडे वाटून द्यावी लागली.

एकोणीस दिवस गेले. गोणीत एक चेंडू उरला, आणि आभाळात ढग एकही नाही. खजिना रिता जाहला तर फौज कशास राहील, या चिंतेने दत्तारावांस अन्न गोड लागेना. मग लंगडत बाजारी जाऊन पाच नवे चेंडू आणिले आणि मातीत लोळवून, आळ्यात घोळवून, जुने बंदिवान भासतील ऐसे करून गोणीत लपविले. गिरणीत उभी हयात इमानाने काढलेल्या पुरुषाने ऐसे कपट प्रथमच केले.

एकविसाव्या दिवशी पाणी घालून समीक्षा वर आली आणि मिळालेल्या चेंडूवरील माती तिने नखाने खरडली, तो आत कोरा पिवळाधमक रंग.

"काका, हा आमचा नाय."

दत्तारावांनी मान खाली घातली. बत्तीस ताम्हणांचा न्याय एका पोरीच्या हाती गेला. ती जिना उतरली, बॅट उचलली आणि प्रज्योतास हुकूम केला, "टाक. हळू टाक." मग तो चेंडू आकाशमार्गे थेट किल्लेदारांच्या गॅलरीत, मालनबाईंनी वाळत घातलेल्या आमसुलांत येऊन पडला, आणि खालून ललकारी उठली,

"काका, आता झाला आमचा! जप्त करा ना!"

जप्ती तत्काळ बजाविली. पुढे नऊ दिवस रोज एक चेंडू गॅलरीत येई आणि रोज झाडांस पाणी पडे. दहाव्या दिवशी पाऊस मुलखात दाखल जाहला. ताम्हण एकही धारातीर्थी पडले नाही. फत्ते जाहली. स्वपक्षाची हानी: गुडघा एक, आमसुलांची परात एक. गोणीस मात्र दत्तारावांनी त्या दिवसापासून गाठ मारली नाही. तोंड उघडेच ठेविले आहे.