जाता जाता बदलणारे नाना

नानांच्या हातून गेलेली गोष्ट आहे तशी पोचली, असं मी कधी पाहिलं नाही. नव्वदीच्या शेवटाला, मी जळगावला शिकवत होतो त्या कॉलेजात इंटरनेट आलं आणि या स्वभावाला यंत्रही मिळालं.

सुकलालनाना पाटील आमच्या कॉम्प्युटर रूमचे मालक. कॉलेजची पानं मागेल त्याला दाखवणारा सर्व्हर त्यांच्या ताब्यात. कुठला शब्द बदलायचा असला तरी नाना पान उघडत नसत. सर्व्हरलाच एका ओळीत बजावत, की उत्तर धाडताना अमुक दिसलं तर तमुक घाल. "मूळ पानले हात लावाना नही. जाता जाता बदलानं," हे त्यांचं ब्रह्मवाक्य.

पाटील प्राचार्य निवृत्त होऊन चौधरी आले, तेव्हा नानांनी अशीच ओळ ठोकली: पाटील दिसला की चौधरी. खानदेशात हे करायला छाती लागते. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या पानांवर निम्मा स्टाफ चौधरी! केमिस्ट्रीच्या पाटीलबाई नवऱ्यालाच घेऊन आल्या. नव्या प्राचार्यांना कळेना, आपला एवढा गोतावळा इथे आधीपासून कसा. "घाबरू नका, बठ्ठा पाटील जागावर शेतस," म्हणत नानांनी ती ओळ खोडली आणि मूळ पानावर सुखरूप असलेल्या साऱ्या पाटलांना पाटीलकी परत मिळाली.

एकदा त्यांच्या घरी गेलो होतो. नानांच्या आईचा सगळा जीव सुरतेच्या थोरल्या मुलात. तो येईल, या आशेवर म्हातारी दिवस काढत होती. तिला कमी ऐकू येई, म्हणून फोन नाना धरत. मी शेजारीच होतो. पलीकडून थोरला खेकसला, "मले टाईम नही. घडीघडी फोन नको करू!"

"काय म्हनस तो?" आईनं विचारलं.

नाना तिच्या कानाशी ओरडले, "तुनी याद येस म्हने! दिवाईले येई!"

म्हातारी फुलली. नाना चहा टाकायला आत गेले, तशी मला म्हणाली, "देखं भाऊ? मोठाले मन्ही कितली काळजी! नाहीतर हाऊ नाना. दिनभर त्या डबापुढे बठेल ऱ्हास. याना उपेग काय?"

मला म्हातारीचा राग आला आणि नानांचं फार वाईट वाटलं.

नाना कप घेऊन आले. "काय म्हने माय?"

"म्हणाल्या, नाना आहे म्हणून मी आहे."

नाना माझ्याकडे बघत राहिले. "जाता जाता बदलं ना, सर?"

"छे हो," मी म्हणालो.

त्यांनी आईचा चहा बशीत ओतला, फुंकून गार केला आणि तिच्या हातात दिला.