गाडीला मराठी कळायला लागलं

बांधकामाच्या ऑफिसातल्या नकाशेकारानं नवी गाडी घेऊन बारा दिवस झाले होते आणि बारा दिवसांत गाडीनं त्याचं एक अक्षर ऐकलं नव्हतं. "बायकोला फोन लाव," असं सांगितलं की ती गोड आवाजात म्हणायची, "जवळच्या बेकऱ्या शोधत आहे." शेवटी तो एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात फोन धरायला लागला, तेव्हा बायकोनं बजावलं, "हे दुरुस्त होईपर्यंत मी या गाडीत पाऊल ठेवणार नाही."

पाऊल तिला ठेवावंच लागलं. त्याचा फोन गाडीला जोडलेला, मग मदतकेंद्राशी बोलायला दुसरा फोन हवा. म्हणून दुपारच्या सुट्टीत, ऑफिसमागच्या पार्किंगमध्ये, दोघं काचा वर करून बसले. बायकोनं आपला फोन स्पीकरवर टाकला.

"सर, तुम्ही गाडीशी कसं बोलता?" मदतकेंद्रातल्या बाईंनी विचारलं.

"शुद्ध. बातम्या देतात तसं."

"तिथंच चुकतंय. घरात बोलता तसं बोला. सेटिंगमध्ये 'सदैव ऐका' आणि 'बोलीभाषा' ही दोन्ही बटणं चालू करा."

त्यानं केली. पडद्यावर हिरवा दिवा लागला.

"आयला, झालं की चालू!"

"आईला फोन लावत आहे," गाडी म्हणाली.

तेवढ्यात आईनं फोन उचललासुद्धा. "काय रे? पटकन बोल."

"काही नाही आई, चुकून लागला."

"मग ठेव." आणि तिनंच ठेवला. एरवी आईचं नुसतं 'ठेवते हं' पंधरा मिनिटं चालायचं.

"मी फोन लाव म्हटलंच नव्हतं!" तो बायकोला म्हणाला. "मी फक्त आयला—"

"आईला फोन लावत आहे."

या वेळी आईच्या मागे कुणीतरी जिवाच्या आकांतानं हॉर्न वाजवत होतं. "आता काय?"

"परत चुकून..."

"किती चुकशील!" फोन बंद.

नकाशेकार बायकोच्या फोनकडे वळला. "अहो मॅडम, हिला काही बोलायची सोय नाही!"

"अरे वा, सर! म्हणजे बोलीभाषा सुरू झाली," बाईंना मनापासून आनंद झाला.

"बाप रे!" त्यानं डोकं सीटवर टेकलं.

"बाप यांना फोन लावत आहे."

मोठ्या साहेबांचा नंबर त्यानं 'बाप' म्हणून ठेवला होता, आणि याच आठवड्यात त्याच्या बढतीच्या कागदावर साहेबांची सही व्हायची होती. फोन तोडायला त्यानं पडद्यावर चारदा बोट मारलं. एसी वाढला, मागचा वायपर सुरू झाला, फोन मात्र लागला.

"बोला," साहेबांचा आवाज गाडीभर घुमला.

नकाशेकार अजून पडदाच बडवत होता. बायको आपल्याच फोनमध्ये कान घालून बसली होती आणि बाई विचारत होत्या, "सर, स्क्रीनवर 'बाप' आलंय का? ते आपले वडील का?"

"छे," बायको म्हणाली. ती शाळेत गणित शिकवायची. चुकीचं उत्तर तिला सहन व्हायचं नाही. "ते यांचे मोठे साहेब. ऑफिसात सगळे बापच म्हणतात त्यांना."

वायपर कोरड्या काचेवर करकरत राहिला.

"असं होय," साहेब शेवटी म्हणाले. "सही मघाशीच करून बसलोय, आता पुसता यायची नाही. जिन्याचा नकाशा घेऊन वर ये." आठ वर्षांत त्यांनी त्याला पहिल्यांदाच 'अरे-तुरे' केलं.

फोन बंद झाला आणि कोंडलेला श्वास शब्दासकटच बाहेर पडला. "आयला!"

"आईला फोन लावत आहे."

या वेळी भलताच पुरुषी आवाज आला. "आजी गाडी चालवतायत. नंतर करा."

"क...काय चालवतायत?"

"गाडी. मी ड्रायव्हिंग स्कूलचा मास्तर. आजी, क्लच! क्लच!" मागे गचका, मग शांतता.

"पडली ना बंद!" आईचा आवाज आला. "आज तिसऱ्यांदा भर चौकात! दर वेळी तुझाच फोन!"

सदुसष्ट वर्षांची आई. रस्ता ओलांडताना तो आजही तिचा हात धरायचा. "आई, तू... कधीपासून?"

"महिना झाला. परवा परीक्षा आहे. पास झाले की सांगणार होते."

त्यानं बायकोकडे पाहिलं. साहेबांच्या फोननं पांढरी पडलेली बायको या बातमीनं जराही दचकली नव्हती. ती खिडकीबाहेर बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"क्लासला मीच सोडते त्यांना. रिक्षानं."

"ऐक ना रे," आई मधेच म्हणाली, "इथल्या गाडीचा क्लच फार कडक आहे. परीक्षेला तुझीच आणू म्हणते. सीट पुढे सरकते का तिची?"

नकाशेकारानं स्टिअरिंग घट्ट धरलं. बायकोनं त्याच्या सीटखाली हात घालून खटका ओढला आणि त्याला गुडघ्यांसकट स्टिअरिंगपर्यंत पुढे ढकललं.

"सरकते हो, आई," ती म्हणाली. "अगदी हवी तेवढी सरकते."