शारजातलं गोठणारं तळं

शारजात पाणी गोठतं ते फक्त फ्रीजमध्ये. पण हे आमच्या फिलोमिना आंटींना सांगणार कोण?

आंटी मूळच्या वसईच्या. इथल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका ऑफिसात ॲडमिन. आमच्या जुन्या व्हिलाच्या दुसऱ्या भागात एकट्याच राहतात. मागच्या अंगणात त्यांनी छोटं सिमेंटचं तळं बांधून घेतलंय. त्यात लाल-पांढरे मासे आणि पाण्यात हवा सोडणारा पंप. डिसेंबर लागला की आंटी बाह्या सरसावतात आणि पंपाच्या नळीला लावलेला बुडबुड्यांचा दगड तळातून काढून वरच्या पायरीवर ठेवतात. "विंटरमध्ये दगड वर! खालचं पाणी ढवळलं तर फिश गारठतात." हे सांगताना त्यांच्या अंगात स्वेटर, माझ्या अंगात बनियन.

बरं, माशांवर प्रेम म्हणाल तर शून्य. "ना कालवणात, ना तव्यावर. काय कामाचे मेले!" असं त्या माशांच्या तोंडावर म्हणतात.

गेल्या जानेवारीत एका रविवारी संध्याकाळी पंप बंद पडला. आंटींनी आमचं दार बडवलं. "यल्ला, चला लवकर, बादल्या घेऊन या!"

"आंटी, थंडीत एवढ्यात काही होत नाही माशांना," बायको म्हणाली.

"तू पुण्याची. तुला काय ठाऊक माशांचं!"

मग आम्ही तिघं तळ्याकाठी बसून, पाण्यात हवा मिसळावी म्हणून, तांब्यांनी उंचावरून पाणी ओतू लागलो. वॉचमन डोकावला. "कौनसा त्योहार है?"

"मछली का अभिषेक," मी म्हणालो.

तेवढ्यात आंटींना त्यांच्या कॅनडातल्या मुलाचा, रॉबिनचा, व्हिडिओ कॉल आला. आंटींनी घाईघाईने केस सारखे केले. "पंप गेला रे बाबा! आता काय करू?"

रॉबिनच्या मागे सगळं पांढरं. त्याच्याही अंगणात तळं, बर्फाला भोक ठेवून आत बुडबुडे सोडलेले. 'विंटरमध्ये दगड वर' हा नियम तिथला होता तर! गडी खुलला. "मम्मा, झाकण उघड. आतलं रबर दाखव. फाटलंय का?" आंटी उघडत होत्या, विचारत होत्या, मुद्दाम चुकतही होत्या. आमचा चहा गार झाला. "ग्रोसरी करून येतो आणि परत कॉल करतो," म्हणत त्याने फोन ठेवला.

आंटी आत गेल्या आणि कोरा करकरीत पंप घेऊन आल्या.

"हा घरातच होता?" बायको ओरडली.

आंटी खोक्यावरची धूळ पुसत राहिल्या. "पंप चालू असला की तो 'ऑल गुड?' विचारतो. मी 'गुड' म्हणते. खलास. तळं नव्हतं तेव्हा तर 'जेवलीस?' 'जेवले.' एवढंच."

बायकोने आंटींच्या हातातलं खोकं काढून घेतलं, बाजूला ठेवलं आणि पुन्हा तांब्या उचलला.

"त्याचा फोन येऊ दे. तोवर ओतू आम्ही."